बिनतारखेची वाट

बॉम्बेची मुंबई होऊन तीस वर्षे झाली, पण एका दप्तरात ती अजून बॉम्बेच आहे. हे दप्तर म्हणजे अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या पोर्ट्समथ गावचे नॅशनल व्हिसा सेंटर. भारतातल्या नवऱ्याला किंवा बायकोला कायमचे तिकडे नेण्यासाठी केलेला अर्ज मंजूर होऊन इथे पोचला, की त्याला एक केस नंबर मिळतो. मुलाखत मुंबईत व्हायची असेल तर त्या नंबराची सुरुवात 'बीएमबी' या तीन अक्षरांनी होते. पुढे वर्ष, मग दिवसाचा आकडा, मग अनुक्रम. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, मडगावात हा नंबर पाठ असलेली माणसे आहेत. दिवसातून तीन-चार वेळा तो एका सरकारी संकेतस्थळावरच्या चौकटीत टाकायचा, खालची वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरायची आणि कालचेच उत्तर आज पुन्हा वाचायचे, असा हा नेम असतो. आणि सासू, मावशी, ऑफिसातली मैत्रीण, तिकडे बसलेला नवरा, सगळे एकच सल्ला देतात : पॉझिटिव्ह राहा, होईल सगळं नीट.

हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, म्हणून तो तपासून पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. इथे तेच करायचे आहे. 'सकारात्मक' हा शब्द मराठीत तसा अलीकडचा, घडवलेला. 'पॉझिटिव्ह' तर उसनाच, आणि करोनाच्या काळात त्याने आपल्याला पुरेसे घाबरवूनही झाले. त्याआधी मराठी माणूस अशा प्रसंगी 'धीर धर' म्हणत असे. दोन्हींत फरक आहे. आशा कशाची तरी असते. ती बाहेरच्या एखाद्या गोष्टीला लावावी लागते, आणि ती गोष्ट हलली की आशाही हलते. धीर मात्र नुसता धरायचा असतो, दुसऱ्याला द्यायचा असतो. तो सुटतो, खचतो, पुन्हा बांधताही येतो, आणि निकाल काय लागेल याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. व्हिसाच्या प्रतीक्षेत निकालावर लावलेली आशा फार थोडी कामाला येते आणि कित्येकदा नडते. तिथे लागतो धीर, आणि तो बांधायचा तर आधी आशेची गाठ तारखेपासून सोडवावी लागते, असे माझे म्हणणे आहे. ते नुसते वाक्चातुर्य वाटू नये म्हणून आधी या वाटेची रचना पाहू.

लग्न झाले, तिकडच्या जोडीदाराने आय-१३० नावाचा अर्ज भरला, आता उत्तराची वाट पाहायची, इतके हे सरळ नसते. जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर त्याच्या बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. तरीही अर्जाची छाननी, व्हिसा सेंटरकडची कागदपत्रे, उत्पन्नाची हमी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि मग बीकेसीतल्या कॉन्सुलेटमधली मुलाखत, हे सगळे होईतो वर्ष सहज उलटते. जोडीदाराकडे नुसते ग्रीन कार्ड असेल तर आणखी एक रांग लागते. कायद्याने ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांसाठी आणि लहान मुलांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे ८८ हजार व्हिसे ठेवलेले आहेत. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती 'प्रायॉरिटी डेट', आणि दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये ती तारीख आली आहे का, हे पाहत बसायचे. या रांगेची स्वतःची एक बोली तयार झाली आहे. 'पीडी करंट झाली', 'डीक्यू मिळालं' (कागद पुरे ठरले), 'आयएल कधी येतंय कोण जाणे' (मुलाखतीचे पत्र), 'आरएफई आली ना गं आमची' (जादा पुराव्याची मागणी). कुणाच्या घरात ही बोली ऐकू आली, की तिथे लग्न होऊनही संसार सुरू व्हायचा आहे असे समजावे. यातला एक विनोद असा, की नोकरीच्या एच-१बी व्हिसावर गेलेला तरुण लग्न करून बायकोला जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर तुलनेने लवकर नेऊ शकतो. त्याचाच थोरला भाऊ मात्र ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर लग्न करतो आणि रांगेत उभा राहतो. देशाने ज्याला जास्त आपले मानले, त्याच्या बायकोला जास्त थांबवले.

आता तारखांचे पाहा. २०१९च्या जुलैपासून ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांची ही रांग 'करंट' होती, म्हणजे अर्ज मंजूर होऊन कागद पूर्ण झाले की व्हिसा उपलब्ध. जवळजवळ पावणेचार वर्षे तसे चालले. अनेकांनी त्या हिशेबाने लग्ने ठरवली, नोकऱ्या सोडण्याचे बेत केले. एप्रिल २०२३च्या बुलेटिनमध्ये ती तारीख एकदम मागे सरकून ८ सप्टेंबर २०२० वर आली. याला 'रेट्रोग्रेशन' म्हणतात. अर्जदाराचे काही चुकलेले नसते, कोणी त्याला नकार दिलेला नसतो. वर्षाच्या वाट्याला मागणी भारी पडू लागली, म्हणून आकडा बदलला, एवढेच. त्याच्या आधी २०२०मध्ये याहून विपरीत घडले. २० मार्चला जगभरच्या कॉन्सुलेटांनी नेहमीची व्हिसा सेवा थांबवली आणि २२ एप्रिलला अध्यक्षांनी काढलेल्या जाहीरनाम्याने बऱ्याच कायम वास्तव्याच्या व्हिसांवर बंदी आली. नागरिकांचे जोडीदार त्यातून वगळले होते, ग्रीन कार्डधारकांचे नव्हते. सुरुवातीला ६० दिवसांसाठी म्हणून आलेली ही बंदी वाढत वाढत २४ फेब्रुवारी २०२१ला उठली. ज्या घराने 'जूनपर्यंत होईल' अशी आशा धरली होती त्याला सहा महिन्यांत तीन वेळा नवी तारीख शोधावी लागली असेल. आशा तारखेला बांधली की असे होते. तारीख मोडली की आशाही मोडते, आणि दर खेपेला ती नव्याने जोडण्यात माणूस थकतो.

हा थकवा मनाच्या कमकुवतपणाचा नाही, याला प्रयोगांचा आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ४५ जणांना संगणकाच्या पडद्यावरचे दगड उलटायला लावले. दगडाखाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका बसे. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोक जेवढे ताणात होते, त्याहून तो बसेल की नाही हे पन्नास-पन्नास टक्के असताना जास्त ताणात होते. म्हणजे खात्रीचे वाईट हे अनिश्चितापेक्षा शरीराला सोपे जाते. रांगांचा अभ्यास करणारे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५च्या एका निबंधात ग्राहक म्हणून ताटकळणाऱ्या माणसाबद्दल असेच म्हणून ठेवले होते : किती वेळ लागेल हे माहीत नसलेली प्रतीक्षा माहीत असलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, जिचे कारण कळलेले नाही ती प्रतीक्षा कारण कळलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, आणि एकट्याने केलेली प्रतीक्षा सोबतीने केलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. त्यांच्या डोळ्यांसमोर हॉटेल आणि विमान कंपन्या होत्या. व्हिसाच्या वाटेत मात्र हे तिन्ही दोष एकाच ठिकाणी भरतात.

कोणी म्हणेल, वाट पाहणे महाराष्ट्राला काय नवे आहे? कोकणातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. घो मुंबईच्या गिरणीत, बायको गावी, आणि मधे मनीऑर्डर. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका आहेत, हे २०११च्या जनगणनेतही दिसते. त्या कधी 'पॉझिटिव्ह राहा' म्हणत बसल्या नाहीत. आक्षेप दमदार आहे, पण तो माझ्याच बाजूला येतो. त्या वाटेला तारीख होती. चाकरमानी गणपतीला येणार, शिमग्याला येणार, मे महिन्यात येणार. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, तेव्हा त्या काळात कोणी यायचे नाही हेही पक्के असे. गोव्याच्या तारवटीच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशाच्या, बायकोलाही कंत्राट किती महिन्यांचे, हे ठाऊक असते. शिवाय वाडीतल्या निम्म्या घरांत तीच गत, त्यामुळे विहिरीवर कोणाला काही समजावून सांगावे लागत नसे. त्यांचे दुःख कमी होते असे मुळीच नाही. गिरणीतल्या पाळ्या आणि खानावळींनी कित्येक संसार कायमचे अर्धे ठेवले. पण त्या वाटेचा आकार दिसत होता. तिची बेरीज-वजाबाकी करता येत होती. आजच्या बीएमबीवालीला ती करता येत नाही, आणि तिच्या इमारतीत तिच्यासारखी दुसरी असेलच असे नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रश्न मात्र सगळ्या विचारतात, 'मग, कधी जाणार?' बायको तिकडे आणि नवरा इकडे असेल तर त्याला हा प्रश्न जरा वेगळ्या सुरात विचारला जातो, आणि तो सूर अधिक टोचतो.

तरीही आशावादी माणूस जास्त तगतो, हे काही खोटे नाही. स्वभावाने आशावादी असलेल्यांची प्रकृती आणि मनःस्थिती एकंदरीत बरी असते, असे दाखवणारे अभ्यास पुष्कळ आहेत. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी थॉमस वॉडन यांच्याबरोबर १९९१मध्ये वजन कमी करण्याच्या उपक्रमातल्या २५ स्त्रियांचा अभ्यास केला. आपले वजन घटेल असा अंदाज ज्या बाळगून होत्या त्यांचे जास्त घटले. पण घटलेल्या वजनाची गोड चित्रे ज्या मनात रंगवत होत्या त्यांचे कमी घटले. अंदाज अनुभवावर उभा असतो. चित्र रंगवताना मनाला काम झाल्यासारखे वाटते आणि हात सैल पडतात. व्हिसाच्या बाबतीत 'पॉझिटिव्ह राहा' या सल्ल्याचा अर्थ बहुतेक वेळा चित्र रंगवणे असाच घेतला जातो : विमानतळावर तो फुले घेऊन उभा आहे, न्यू जर्सीतला तो फ्लॅट, पहिला बर्फ. अनुभवावर उभा असलेला अंदाज इथे थोडक्यात सांगता येतो. खऱ्या लग्नाचा, पूर्ण कागदांचा अर्ज बहुधा मंजूर होतो, आणि कधी होईल ते सांगता येत नाही. या वाक्याचे दोन्ही भाग एकदम मनात ठेवावे लागतात. सल्ला देणारे पहिलाच भाग सांगून थांबतात.

वाट पाहणाऱ्यांवर सर्वांत नेटाने काम केले आहे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या केट स्वीनी यांनी. तिथे वकिलीची परीक्षा जुलैत होते आणि निकाल नोव्हेंबरात लागतो. स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चार महिन्यांत २३० परीक्षार्थींना पुनःपुन्हा प्रश्नावल्या दिल्या. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष आपल्या सल्लागारांना आवडणार नाहीत. काळजी कमी व्हावी म्हणून लोकांनी ज्या युक्त्या केल्या, त्यांनी काळजी फारशी कमी झालीच नाही. उलट ज्यांनी ते महिने घोर लावून, वाईटाचा विचार करत काढले, त्यांनी नापास झाल्यावर स्वतःला लवकर सावरले आणि पास झाल्यावर त्यांना आनंदही जास्त झाला. निवांत राहिलेले वाईट बातमीने जास्त गडबडले. मी हे पुरावे व्हिसाला जसेच्या तसे लावत नाही. वकिलीच्या निकालाला दिवस ठरलेला असतो आणि तेवढाच ताण सोसायचा असतो. दोन वर्षे घोर लावून बसले तर माणूस सावरण्याआधी आजारी पडेल. पण एवढे नक्की निघते, की काळजी वाटणे म्हणजे नापास होणे नव्हे. 'तू निगेटिव्ह विचार करतेस म्हणून असं होतंय' असे जेव्हा कोणी सुचवते, तेव्हा ते निव्वळ अंधश्रद्धेचे आधुनिक रूप असते. पोर्ट्समथमधल्या कारकुनाला पुण्यातल्या कुणाच्या मनातली कंपने पोचत नाहीत. स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढच्या अभ्यासांत एक गोष्ट मात्र उपयोगी दिसली : माणूस ज्यात पूर्ण बुडून जातो, वेळेचे भान विसरतो, असे जरा अवघड काम हाताशी असेल तर प्रतीक्षा सुसह्य होते. टीव्ही पाहून ते होत नाही, कारण डोळे पडद्यावर असले तरी मन संकेतस्थळावर असते.

म्हणून माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान होते ते 'आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे' या वाक्याने. त्या वाक्यामुळे राजीनामा दिला जातो. एम.ए.ला प्रवेश घेतला जात नाही, जर्मनची दुसरी पातळी राहून जाते, नवी नोकरी मिळत असताना 'जायचंच आहे तर कशाला' म्हणून सोडली जाते. कपाटाच्या वर एक मोठी बॅग अर्धी भरून ठेवलेली असते, तिच्यात भाजणीचे पीठ नसले तरी मसाल्याचा डबा, दोन पैठण्या आणि कुकरची जादा रिंग असते. सासरी राहायचे की माहेरी, याचा निर्णय 'तेवढ्यापुरता' म्हणून होतो आणि ते 'तेवढ्यापुरते' तीन दिवाळ्या पाहते. गंमत अशी, की या बाबतीत अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या नातेवाइकांपेक्षा शहाणे आहे. कायम वास्तव्याच्या अर्जदारांना ते स्पष्ट बजावते, की व्हिसा हातात पडेपर्यंत घर, गाडी, मालमत्ता विकू नका, नोकरी सोडू नका, पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका. ही कोरडी सूचना मी धीराचा उत्तम पाठ मानेन. तिच्यात निकालाबद्दल एक अक्षरही नाही. ती फक्त सांगते, की निकालावर अवलंबून नसलेले तुमचे जे काही आहे, ते चालू ठेवा. नोकरी, शिक्षण, स्वतःच्या नावावरचे खाते, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन, या सगळ्याला तारीख लावता येते. बिनतारखेच्या एका गोष्टीभोवती तारखांच्या दहा गोष्टी उभ्या केल्या, की वर्षाला पुन्हा आकार येतो. कोकणातल्या बायकांकडे तो आयता होता, इथे तो करावा लागतो.

त्या संकेतस्थळाबद्दलही थोडे. मुलाखत झाली, अधिकाऱ्याने आणखी एखादा कागद मागितला किंवा प्रकरण पुढच्या तपासणीसाठी ठेवले, की कायद्याच्या २२१(जी) कलमाखालची चिठ्ठी हातात मिळते आणि पडद्यावर शब्द येतो 'रिफ्यूज्ड'. खरे तर त्या टप्प्यावर फाइल बंद झालेली नसते. मागितलेला कागद वर्षाच्या आत दिला तर नवा अर्ज, नवी फी लागत नाही. पण रात्री साडेअकराला एकटीने मोबाइलवर तो शब्द वाचणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार? एक इंग्रजी शब्द, त्याचा दप्तरी अर्थ वेगळा, घरातला अर्थ वेगळा. आपल्या बायकांच्या नावांनीही इथे कागद अडू शकतात. जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव मधे, लग्नानंतर नवऱ्याचे, काही घरांत लग्नात तांदळावर लिहिलेले पहिले नावही नवे, आणि पासपोर्टवर यांपैकी एक. तीन नावांची बाई एकच आहे, हे पटवायचे तर आधीच विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातला बदल आणि अर्जातली 'इतर नावे' एकमेकांशी जुळवून ठेवावी लागतात. हे कंटाळवाणे काम आहे आणि निश्चितपणे आपल्या हातातले आहे. हातातले काम पुरे केल्यावर संकेतस्थळ आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, शक्यतो दिवसाउजेडी पाहावे. सोमवारी पाहिले काय आणि रोज चार वेळा पाहिले काय, फाइल त्याच वेगाने चालते.

दूर राहिल्याने प्रेम वाढते, असेही एक सांत्वन असते. ते अर्धे खरे आहे. क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हँकॉक यांनी २०१३मध्ये ६३ जोडप्यांच्या रोजच्या संवादाच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा दूर राहणारी जोडपी एकमेकांपाशी जास्त मोकळी होत होती आणि एकमेकांना जास्त आदर्शही मानत होती. दुसरी बाजू लॉरा स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामात आहे. दूर राहून मग एका गावात आलेल्या महाविद्यालयीन जोड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तीन महिन्यांत तुटल्या. त्या जोड्या अविवाहित होत्या, आणि आपल्या लग्नांना कुटुंबांच्या चार खांबांचा आधार असतो, हे खरे. पण व्हिसाच्या काळात बोलणे कसे घडते ते पाहा. पाडव्याला पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ, नाही तर नोव्हेंबरात घड्याळे मागे गेल्यावर साडेआठ. इकडे पाटाभोवती रांगोळी, पाटावर फोन टेकवून ठेवलेला. तिकडे कामाचा दिवस, कानात इअरफोन, मागे ऑफिसची कॉफीची मशीन. ती पडद्याला ओवाळते, तो 'ओवाळणी ट्रान्सफर केली' म्हणतो, दोघे हसतात. शिवाय याच गप्पांच्या नोंदी, हेच फोटो, लग्न खरे असल्याचा पुरावा म्हणून फाइलला जोडता येतात. मग भांडण कधी करायचे? महिन्याचे भाडे किती, पगारातून घरी किती पाठवायचे, मूल कधी, तिला तिकडे काम करायचे आहे की शिकायचे, हे अवघड प्रश्न 'आता कशाला मूड घालवायचा' म्हणून पुढे ढकलले जातात. प्रतीक्षेचा काळ हा लग्नाच्या आधीचा काळ नव्हे, तो लग्नातलाच काळ आहे. त्यात थोडी कुरबुर झालेली बरी.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. धीर धरा म्हणणे म्हणजे अन्याय मुकाट सोसा म्हणणे नव्हे काय? जोडीदारांना वर्षानुवर्षे वेगळे ठेवणारा कायदा चुकीचा असेल तर मनाची मशागत कशाला, कायदाच बदला. हे मला मान्य आहे, आणि कायद्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही हेही लक्षात ठेवले पाहिजे. २१ जून २०२४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'डिपार्टमेंट ऑफ स्टेट विरुद्ध मुन्योझ' या खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निर्णय दिला, की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. त्या प्रकरणात पत्नी अमेरिकन, पती एल साल्वादोरचा, आणि नकाराचे नेमके कारण हाती यायला वर्षे गेली होती. ब्रिटनने २०१२मध्ये जोडीदाराला आणण्यासाठी वर्षाला १८,६०० पौंडांच्या उत्पन्नाची अट घातली आणि २०२४च्या एप्रिलमध्ये ती २९,००० केली. त्यातून आई किंवा बाप पडद्यावरच भेटणाऱ्या मुलांची घरे तयार झाली, आणि इंग्लंडच्या बाल आयुक्तांसाठी झालेल्या २०१५च्या अहवालात त्यांना 'स्काइप कुटुंबे' असे नावच पडले. तरीही थोडे काही हलते. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकी संसदेने तीन वर्षांहून जास्त अडकलेल्या जोडीदारांसाठी 'व्ही' नावाचा खास व्हिसा काढला. तो फक्त २१ डिसेंबर २०००पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना होता, म्हणून आज तो कामाचा नाही. पण प्रतीक्षा असह्य आहे हे कायद्याने एकदा कबूल केले, त्याची ती खूण आहे. एच-४वरच्या काही जोडीदारांना २६ मे २०१५पासून काम करण्याची मुभा मिळाली, तीही वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर. तिकडचा जोडीदार आपल्या मतदारसंघाच्या खासदाराच्या कार्यालयातून चौकशी करवू शकतो, विलंब अवाजवी झाला तर न्यायालयात मँडॅमसची याचिका करू शकतो. हे सगळे करायला माणूस पायावर उभा लागतो. रडून थकलेला किंवा स्वप्नात रमलेला माणूस याचिका करत नाही. धीर आणि तक्रार यांत मला विरोध दिसत नाही.

एक आक्षेप मात्र मला परतवता येत नाही. नोकरी चालू ठेवा, शिका, आयुष्याला आकार द्या, हे सव्वीस वर्षांच्या पगारदार मुलीला सांगणे सोपे. अडतीसाव्या वर्षी लग्न झालेल्या बाईला दोन वर्षे ही दोन वर्षेच असत नाहीत. तिच्यासाठी मूल होण्या-न होण्याचा प्रश्न त्या बुलेटिनला टांगलेला असतो. पर्यटक व्हिसावर जाऊन थोडे दिवस राहून यावे, तर कायम वास्तव्याचा अर्ज दाखल आहे याच कारणाने तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी. नवऱ्याने इकडे येऊन राहावे, तर ग्रीन कार्डधारकाला लांब मुक्काम परवडत नाही, कार्डच धोक्यात येते. इथे धीर वगैरे शब्द तोकडे पडतात. पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून सुरुवात करून ज्याला अस्पष्ट वियोग म्हटले, त्याच्या जवळ जाणारे हे काही आहे : माणूस आहे आणि नाही, दोन्ही खरे. त्या अवस्थेत शोक करायलाही परवानगी नसते, कारण 'अगं, काही वाईट तर झालेलं नाही ना!' अशा बाईला पॉझिटिव्ह राहायला सांगणाऱ्याने निदान गप्प बसावे, आणि जमले तर तिच्याबरोबर पोलीस दाखल्याच्या रांगेत उभे राहावे. मेस्टर यांच्या म्हणण्याप्रमाणे सोबतीने रांग आखूड वाटते.

आणि व्हिसा मिळाल्यावर? नागरिकाचा जोडीदार अमेरिकेत उतरतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली नसतील, तर त्याला मिळणारे ग्रीन कार्ड अटीचे असते, दोनच वर्षांचे. (प्रतीक्षा इतकी लांबली की दोन वर्षे उलटून गेली, तर मात्र थेट दहा वर्षांचे कार्ड मिळते. उशिराचा असा एवढाच फायदा.) दोन वर्षे संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज भरायचा, पुन्हा फोटो, पुन्हा एकत्र खात्याची पाने, पुन्हा लग्न खरे असल्याचे पुरावे. त्या अर्जांचा निकाल वेळेत लागत नाही हे आता सरकारलाच ठाऊक आहे. म्हणून अर्ज पोचल्याच्या पावतीवर कार्डाची मुदत वाढवून दिल्याचे छापलेले असते, आणि जानेवारी २०२३पासून ती वाढ अठ्ठेचाळीस महिन्यांची आहे. दोन वर्षांच्या कार्डाला चार वर्षांची मुदतवाढ देणारा तो कागद घरोघरी पासपोर्टाच्या पाकिटात घडी घालून ठेवलेला असतो, आणि त्याच्यावर पुन्हा तीन अक्षरांनी सुरू होणारा एक नंबर असतो.